नोंद बोलते, जमीन उत्तर देते

30 एप्रिल 1999 च्या रात्री जगात गोंदिया जिल्हा नव्हता. 1 मेच्या सकाळी तो होता. मधल्या काही तासांत कुठल्या बांदीचा धुरा सरकला नाही, वैनगंगेनं वळण बदललं नाही, नागझिऱ्यातलं एकही झाड जागचं हललं नाही. भंडारा जिल्ह्याचा पूर्वेकडचा भाग वेगळा काढल्याची शासनाची अधिसूचना अमलात आली, इतकंच. पण तेवढ्या लिखाणातून आठ तालुक्यांचा जिल्हा उभा राहिला. त्याला जिल्हाधिकारी मिळाला, अंदाजपत्रक मिळालं, गाड्यांच्या पाट्यांवर एमएच 35 आलं. त्या जिल्ह्यात जन्मलेल्या पहिल्या मुलांनी आता पंचविशी ओलांडली आहे. तुमचा जिल्हा नुसत्या शब्दांचा आहे असं त्यांना कुणी सांगितलं तर ती हसतील, आणि त्यांचं हसणं रास्त आहे. जिल्हा खराच आहे. फक्त तो कोणत्या अर्थानं 'आहे', हे विचारायला हवं.

कारण याच जिल्ह्यात पावसाळा लागला की भाताच्या बांदीत सारसाची जोडी घरटं करते. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच असा हा पक्षी महाराष्ट्रात आज गोंदिया आणि लगतच्या भंडाऱ्यातच काय तो टिकून आहे. त्याला असायला अधिसूचना लागत नाही. उद्या माणसाची भाषाच नाहीशी झाली तर गोंदिया जिल्हा त्या क्षणी संपेल. सारस मात्र चिखलात चोच घालून आपलं काम करत राहील.

जिल्हा आहे, सारस आहे. क्रियापद एकच, पण त्यामागचं असणं दोन तऱ्हांचं. जुने तत्त्वज्ञ विचारत, 'काय आहे?' मग युरोपात प्रश्न आला, 'आहे ते आपल्याला कळतं कसं?' विसाव्या शतकात लोकांच्या लक्षात आलं की हे दोन्ही प्रश्न आपण भाषेतच विचारतो, आणि भाषा काही रिकामी काच नव्हे. तेव्हापासून भाषा, सत्य आणि अस्तित्व यांचा गुंता सोडवण्यात जगातली उत्तमोत्तम डोकी गुंतलेली आहेत. हा गुंता बघायला व्हिएन्ना किंवा ऑक्सफर्डला जायची गरज नाही. गोंदियाच्या महसुली दप्तरात तो चांगला जाडजूड होऊन पडलेला आहे. तिथे त्याचं नाव 'झुडपी जंगल'.

एका जमिनीची तीन नावं

एखाद्या गावाच्या कडेची ही जमीन डोळ्यांपुढे आणा. पळसाची खुरटी झुडपं, बोरी, तरवड, मधे मुरमाचे उघडे पट्टे, आश्विनानंतर पिवळं पडणारं कुसळी गवत. सकाळी गुराखी ढोरं घेऊन येतो. बाया सरपण नेतात. एका कोपऱ्यात स्मशानभूमी आहे, रस्त्याच्या अंगाला शाळेची इमारत.

मालगुजारीच्या काळी अशा जमिनी गावाच्या निस्ताराच्या होत्या, म्हणजे चराई, जळण, काटेकुटे यांसाठी. 1951 साली मालगुजारी गेली आणि त्या सरकारजमा झाल्या. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ जुन्या मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला, त्याबरोबर त्याची दप्तरंही आली, आणि दप्तरांतले शब्दही. त्यांतला एक शब्द 'झुडपी जंगल'. सीमेपलीकडे, मध्य प्रदेशाच्या महसुली कागदांत आजही 'छोटे झाड का जंगल' अशी नोंद सापडते. ज्या पटवाऱ्यानं 'झुडपी' लिहिलं त्याला बहुधा एवढंच सांगायचं असावं की इथे पीक निघत नाही, झुडपं आहेत. तो वर्णन करत होता.

मग 25 ऑक्टोबर 1980 रोजी वनसंवर्धन कायदा आला. जंगलाची जमीन केंद्राच्या परवानगीशिवाय दुसऱ्या कामाला वापरायची नाही, असं ठरलं. आणि 12 डिसेंबर 1996 रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की 'जंगल' हा शब्द शब्दकोशातल्या अर्थानं घ्यायचा. शिवाय सरकारी दप्तरात जे जंगल म्हणून नोंदलेलं आहे तेही जंगलच, मग मालकी कुणाचीही असो. पटवाऱ्याच्या नोंदीतला दुसरा शब्द, 'जंगल', अचानक जड झाला. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली अशा सहा जिल्ह्यांतल्या हजारो हेक्टरांवर तो शब्द लिहिलेला होता, आणि मधल्या काळात त्यांतल्या कित्येक जागांवर शाळा, दवाखाने, कचेऱ्या, वस्त्या उभ्या राहिल्या होत्या.

याच जमिनीला तिसरंही नाव आहे. देशातल्या पडीक जमिनींचे जे नकाशे सरकार काढतं, त्यांत झुडपांची जमीन 'पडीक' या सदरात मोडते. म्हणजे एका कागदावर ती जंगल, दुसऱ्यावर पडीक, आणि गुराख्याला विचाराल तर चराई. मग ती खरोखर आहे तरी काय?

टार्स्कीचं सोपं दिसणारं वाक्य

1933 साली पोलंडच्या आल्फ्रेड टार्स्की या तर्कशास्त्रज्ञानं सत्याची जी व्याख्या दिली, ती पहिल्यांदा वाचणाऱ्याला आपली थट्टा चालली आहे असं वाटतं. आपल्याकडच्या उदाहरणानं सांगायचं तर: 'इटियाडोह धरण भरलं आहे' हे वाक्य खरं असतं, जर आणि तरच इटियाडोह धरण भरलेलं असेल. यात नवीन काय? नवीन आहे ते अवतरणचिन्हांत. डावीकडे आपण एका वाक्याबद्दल बोलतो आहोत, उजवीकडे पाण्याबद्दल. भाषा आणि जग यांच्यातली सगळी वाट टार्स्कीनं एका ओळीत आखली, आणि 'सत्य' नावाचा कुठलाही गूढ गुण मधे आणला नाही.

आता हीच रीत आपल्या जमिनीला लावू. 'ही जमीन जंगल आहे' हे वाक्य खरं असतं, जर आणि तरच ती जमीन जंगल असेल. व्याख्या अजिबात चुकलेली नाही, पण भांडण जसंच्या तसं शिल्लक राहिलं. धरणाच्या बाबतीत उजवी बाजू बघायला कालव्याच्या कडेनं चालत जाता येतं. इथे चालत जाऊन झुडपं मोजली, झाडांचे घेर मापले, तरी प्रश्न सुटत नाही. कारण उजव्या बाजूचं 'असणं' अर्धं मुरमात आहे आणि अर्धं दप्तरात. टार्स्की सत्य म्हणजे काय ते सांगतो. जग कशाकशाचं बनलं आहे, हे आपल्यालाच ठरवावं लागतं.

बोलणं हीच कृती

1955 साली ऑक्सफर्डचे जे. एल. ऑस्टिन हार्वर्डला व्याख्यानं द्यायला गेले. तत्त्वज्ञ वाक्याला सारखे एकच विचारतात, 'खरं की खोटं?', आणि त्यामुळे वाक्यांची एक मोठी जमात त्यांच्या नजरेतून सुटते, असं त्यांचं म्हणणं होतं. ग्रामसभेत अध्यक्ष म्हणतात, 'ठराव मंजूर.' हे वर्णन नाही; ते म्हणताच ठराव मंजूर होतो. अशा वाक्याला खरं-खोटं विचारण्यात अर्थ नसतो. विचारायचं ते हे की बोलणाऱ्याला अधिकार होता का, गणपूर्ती होती का, रीत पाळली का.

अमेरिकेतल्या जॉन सर्ल यांनी 1995 साली याच विचारावर सामाजिक जगाचा आराखडा उभारला. अमुक वस्तू तमुक संदर्भात अमकी मानली जाते, आणि सगळे तसं मानतात, म्हणून ती तशी असते. नोट, नवरा-बायको, सरपंच, जिल्हा ही सगळी या जातीची अस्तित्वं. पण त्यांच्या मुळाशी कुठे तरी एक न मानलेली, मुकी वस्तू असावी लागते. धान खरेदी केंद्रावर हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. पोत्यावर 'अ दर्जा' की 'साधारण' हे लिहिलं जातं, त्यावर हमीभाव ठरतो. दर्जा ही माणसानं घातलेली रेघ आहे, दाण्याच्या लांबी-रुंदीच्या प्रमाणावर घातलेली. ओलावा 17 टक्क्यांच्या वर नको, हाही माणसाचाच नियम. पण मापक दाण्यांत खुपसल्यावर काटा कुठे थांबेल, हे नियम लिहिणाऱ्याच्या हातात नाही, केंद्रचालकाच्या नाही आणि शेतकऱ्याच्याही नाही. रेघ आपली, आकडा धानाचा.

तूरिनचे मॉरिझिओ फेर्रारिस हे हयात तत्त्वज्ञ आहेत, आणि त्यांचं म्हणणं झुडपी जंगलाला तर नेमकं लागू पडतं. सर्ल यांना त्यांनी दुरुस्ती सुचवली की समाजाच्या वस्तू निव्वळ मनातल्या मान्यतेवर टिकत नाहीत, त्या नोंदीवर टिकतात. दोघांमधली कृती कुठेतरी उमटली पाहिजे, कागदावर किंवा निदान साक्षीदारांच्या स्मरणात. ती उमटली की मग सगळे विसरले तरी वस्तू राहते. झुडपी जंगलाचं नेमकं हेच झालं. दोन पिढ्या त्या नोंदीकडे कुणी पाहिलं नाही. गाव तिथे मुडदे पुरत होतं, मुलं शाळेत जात होती, आणि जंगल दप्तरात निवांत पडून होतं. वर्णन म्हणून लिहिलेला शब्द पुढे हुकूम ठरला.

मात्र फेर्रारिस तिथेच थांबत नाहीत. सगळं जगच भाषेनं रचलेलं आहे, असं म्हणणाऱ्यांशी त्यांचं वाजलेलं आहे. त्यांच्या मते खऱ्या वस्तूची खूण अशी की ती आपल्या म्हणण्यानं दुरुस्त होत नाही. 'ही सुपीक काळी जमीन आहे' असं अगदी शिक्क्यासह लिहिलं, तरी मुरमात धान पिकत नाही.

नव्वद वर्षं झाड असलेलं गवत

शब्दानं घडणाऱ्या वस्तू आणि शब्दानं न बदलणाऱ्या वस्तू, या दोन जाती एकमेकींवर कशा आदळतात, त्याचं याहून गमतीदार उदाहरण नवेगावच्या रानातला बांबू. वनस्पतिशास्त्रात बांबू गवत आहे, भाताच्याच कुळातला. पण 1927 च्या भारतीय वन अधिनियमानं 'झाड' या शब्दाच्या व्याख्येत बांबू घालून ठेवला. मग त्याची तोड आणि वाहतूक लाकडाच्या नियमांत अडकली. शेतकऱ्यानं आपल्या धुऱ्यावर लावलेला बांबू विकायला न्यायचा तरी परवान्याचा घोर. 2006 च्या वनहक्क कायद्यानं त्याला गौण वनोपजांत जागा दिली, म्हणजे एकाच देशात तो एका कायद्याखाली झाड होता आणि दुसऱ्याखाली वनोपज. अखेर नोव्हेंबर 2017 मध्ये वटहुकूम निघाला आणि 'झाड' या व्याख्येतून बांबू गळला.

या नव्वद वर्षांत बांबूच्या एकाही पेऱ्यात फरक पडला नाही. बुरडाच्या मिळकतीत मात्र फरक पडला, गावाच्या हक्कात पडला. तत्त्वज्ञ विलार्ड क्वाइन यांनी 1948 सालीच दाखवून दिलं होतं की प्रत्येक सिद्धांत काही वस्तू आहेत असं धरूनच चालतो, आणि त्या कोणत्या हे तपासायचं असेल तर त्या सिद्धांताची वाक्यं तपासावी. कायद्याची वाक्यं तपासली तर 1927 च्या जगात बांबूच्या रूपानं झाडं आहेत, वनस्पतिशास्त्राच्या जगात त्याच जागी गवत.

मग सगळंच सापेक्ष म्हणायचं का? इथे सॉल क्रिप्की हा तत्त्वज्ञ आडवा येतो. जानेवारी 1970 मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, हातात कागद न घेता दिलेल्या तीन व्याख्यानांत त्यानं मांडलं की नाव हे वर्णनाचं संक्षिप्त रूप नसतं. एकदा नाव ठेवलं की ते एकाकडून दुसऱ्याकडे जात राहतं आणि त्या वस्तूलाच चिकटतं, आपली वर्णनं चुकली तरीही. सारसाचंच बघा. लिनिअसनं 1758 साली त्याला बगळ्यांच्या प्रजातीत घातलं. पुढे त्याला क्रौंचांच्या प्रजातीत हलवलं, आणि अलीकडे तिथूनही काढून निराळ्या प्रजातीत. या प्रत्येक वेळी शास्त्रज्ञ बोलत होते ते एकाच पक्ष्याबद्दल. पूर्वीचे लोक दुसऱ्या कुठल्या पक्ष्याबद्दल खरं बोलत होते असं आपण म्हणत नाही. ते याच पक्ष्याबद्दल चुकले होते, असं म्हणतो. चूक करता येते, याचाच अर्थ शब्दांच्या पलीकडे काहीतरी आहे. भाषेनंच सगळं घडवलं असतं तर चुकायला जागाच उरली नसती.

रानातली मोकळी जागा

ज्या 1927 साली वन अधिनियम आला, त्याच साली जर्मनीत मार्टिन हायडेगरचा 'अस्तित्व आणि काळ' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. दोघांचा संबंध काही नाही, तरी योग मजेचा आहे. वाक्य वस्तूशी जुळतं की नाही, ही सत्याची नंतरची पायरी आहे, असं हायडेगरचं म्हणणं. आधी ती वस्तू आपल्यापुढे उघड व्हावी लागते. प्राचीन ग्रीकांचा सत्यासाठीचा शब्द त्यानं असाच वाचला: झाकलेलं होतं ते उघड होणं. आणि हे उघड होणं घडतं ती जागा सांगायला त्यानं जी प्रतिमा वापरली, ती दाट रानातल्या मोकळ्या जागेची, जिथे झाडी विरळ होते आणि उजेड खाली पोचतो. त्याच्या ब्लॅक फॉरेस्टमधली ही प्रतिमा झाडीपट्टीतल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. दाट सागातून वाट काढत अचानक झुडपी माळावर आलेल्या कुणालाही ती ठाऊक आहे.

हायडेगरची खरी मेख पुढे आहे. उघड होणं नेहमी एका बाजूनं होतं, आणि एक बाजू उघडली की दुसरी झाकली जाते. पटवाऱ्यापुढे ही जमीन आराजी आणि आकार, म्हणजे क्षेत्रफळ आणि सारा, होऊन येते. त्याच्या रकान्यात गुराख्याची वाट दिसत नाही. वनरक्षकापुढे ती राखायचं क्षेत्र म्हणून येते. त्यात स्मशान हे अतिक्रमण ठरतं. गवताळ माळाचा अभ्यासक तिथे जमिनीवर घरटी करणारे पक्षी बघतो आणि 'पडीक' या शब्दानं कासावीस होतो. यांपैकी खोटं कुणीच बोलत नाही. पण प्रत्येकाची भाषा एक उजेड पाडते आणि त्याच उजेडाची सावलीही. म्हणूनच हायडेगरला भाषा हे वापरून ठेवून द्यायचं अवजार वाटत नव्हतं. आपण तिच्यात राहतो आणि तिच्यातूनच असणं आपल्यापर्यंत येतं, असं तो मानत असे.

हा विचार मराठी वाचकाला परका वाटू नये. तेराव्या शतकाच्या शेवटी ज्ञानदेवांनी 'अमृतानुभवा'त एक अख्खं प्रकरण शब्दाच्या खंडनाला दिलं आहे. शब्दाचं मोल ते मान्य करतात: विसरलेल्याची तो आठवण करून देतो, नसलेलं समोर आणतो. पण जे स्वतःच उजळलेलं आहे, ज्याचा विसर पडणंच शक्य नाही, तिथे शब्दाला काम उरत नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. तेही शब्दांतच, आणि शब्दांचं सारं वैभव दाखवत! भाषेची मर्यादा भाषेतूनच दाखवायची ही कसरत विसाव्या शतकात विट्गेनस्टाइननं आपल्या 1921 च्या ग्रंथात केली, तेव्हा युरोप थक्क झाला होता.

मग जंगल आहे की नाही?

22 मे 2025 रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या पीठानं झुडपी जंगलाचा निकाल दिला. प्रश्न सुमारे 86 हजार हेक्टरांचा होता. 1996 च्या आदेशाला धरून झुडपी जंगलं ही जंगलंच मानायची, असं पीठानं ठरवलं. त्याच वेळी 12 डिसेंबर 1996 च्या आधी सक्षम अधिकाऱ्यांनी वाटलेल्या जमिनी वनक्षेत्राच्या यादीतून वगळण्यासाठी राज्यानं केंद्राची मंजुरी घ्यावी, अशी वाट ठेवली. त्यानंतर वाटलेल्या जमिनींची परीक्षा कडक, वाटणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाईसह.

तत्त्वज्ञानाच्या डोळ्यानं हा निकाल वाचणं मोठं उद्बोधक आहे. त्यात नोंदीचा मान राखला आहे, कारण नोंद मोडली तर उद्या कुठलंच जंगल सुरक्षित नाही. आणि जमिनीनं दिलेलं उत्तरही ऐकलं आहे: तिथे घरं आहेत, शाळा आहेत, माणसं पुरलेली आहेत. सत्य कुठे आहे? नोंद आणि जमीन यांच्यातल्या या सवाल-जबाबात आहे, असं मला वाटतं. शब्दानं वस्तू घडते हे खरं, जिल्हा तसाच घडला. पण घडलेली वस्तू गप्प बसत नाही, ती शब्दाला उलटून विचारते, आणि ते उत्तर ऐकायची ज्या भाषेची तयारी असते तीच खरं बोलू शकते.

म्हणून समकालीन तत्त्वज्ञानाचा हा घोळ शेवटी अगदी व्यवहाराच्या मुद्द्यावर येऊन ठेपतो: नोंद कोण करतो? 2006 च्या वनहक्क कायद्याच्या नियमांनी इथे एक विलक्षण गोष्ट केली आहे. हक्काचा पुरावा म्हणून कागदपत्रांच्या जोडीला, दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचं लेखी उतरवून घेतलेलं सांगणंही ग्राह्य आहे. आमची ढोरं इथे चरत, इथला मोह आमच्या आजीनं वेचला, हे म्हाताऱ्या माणसाचं बोलणं ग्रामसभेच्या कागदावर उतरलं की त्याला पटवाऱ्याच्या जुन्या नोंदीसमोर उभं राहता येतं. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या रानालगतच्या गावांत हे बोलणं कधी गोंडीत होतं, कधी झाडीबोलीत, आणि लिहिलं जातं शासकीय मराठीत. ज्या भाषेत त्या जमिनीची वहिवाट जगली गेली ती एक, आणि ज्या भाषेत तिला अस्तित्व मिळतं ती दुसरी. या दोहोंमधलं अंतर जितकं प्रामाणिकपणे ओलांडलं जाईल, तितकी ती नोंद खरी. टार्स्कीच्या वाक्याची उजवी बाजू भरण्याचं काम त्या वेळी ग्रामसभेच्या सतरंजीवर चाललेलं असतं.